हिशोब एकाच बाजूने?

"उत्पन्नाचा दशांश चर्चला पूर्ण भरला, असं बिशपला सांगून आले. मी हिशोब दिला, चर्च मला कधी देणार?"

शेजारीण हसत म्हणाली. इथे अमेरिकेतल्या युटा राज्यात निम्मी गल्ली मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ). तिचा बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, हा पलीकडचा दातांचा डॉक्टर; बिशपचं काम बिनपगारी. त्याच्यावर तिचा राग नाहीच.

राग चर्चच्या वरिष्ठांवर. १९५९ नंतर अमेरिकेत चर्चने खर्चाचे आकडे छापलेले नाहीत. ब्रिटन-कॅनडात कायद्यामुळे द्यावे लागतात. २०२३ मध्ये शेअर्सची माहिती दडवल्याबद्दल चर्च आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलर दंड झाला, तरी तिचा दशांश चालूच!

आपली गणेश मंडळंसुद्धा वर्गणीचा हिशोब फळ्यावर लावतात. (म्हणजे, लावायला हवा.)

चर्च बदलतच नाही असं नाही: २०१९ पासून त्यांची रविवारची सभा तीन तासांवरून दोनवर आली. मग ताळेबंद छापायला काय हरकत आहे?