फ्रोझन पिझ्झा, पुढची नोंद: आता सगळी भिस्त बिडाच्या तव्यावर

चीज कुठलं आणि भाज्या कुठल्या यावर मागे बरंच लिहून झालं. ते सध्या बाजूला. फ्रोझन पिझ्झा बिघडतो तो वरून नाही, खालून. वर चीजचा डोंगर रचला तरी बेस ओलसर, चामट राहिला की घरचे पहिल्याच घासाला "कच्चा राहिलाय का रे?" विचारतात.

सगळा खेळ पाण्याचा आहे. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून निघालेल्या पिझ्झातला बर्फ वितळवायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात आणि पुढे त्या पाण्याची वाफ करायला ५४०. शाळेत घोकलेले हे आकडे असे कामाला येतील असं वाटलं नव्हतं. तळातलं पाणी उडेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या फारसं वर चढत नाही, आणि पावाला खमंग तांबूसपणा यायला दीडशेच्या आसपास तरी जावं लागतं. ओटीजीच्या (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनच्या) जाळीवर खालून मिळते ती नुसती गरम हवा, आणि हवा उष्णता पोचवते फार सावकाश. तळ वाळेपर्यंत वरचं चीज तेल सोडून रबर झालेलं असतं. सोबत आलेला पातळ ट्रे तर त्याहून वाईट, कारण वाफेला खालून वाटच राहत नाही.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या रोझ टोटिनो यांची फ्रोझन पिझ्झाची कंपनी १९७५ मध्ये पिल्सबरी या मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीने घेतली, आणि १९७९ मध्ये त्यांच्या नावावर जे पेटंट लागलं ते सॉसचं किंवा चीजचं नव्हतं, बेसचं होतं. भाजलेल्याऐवजी तेलात तळलेला बेस! हे वाचल्यावर माझी गाडी ओव्हनकडून तव्याकडे वळली.

आता जमलेली पद्धत सांगतो, पातळ बेसच्या सात-आठ इंची पिझ्झासाठी. ओटीजी २५० वर, दोन्ही रॉड लावून, चांगला वीस मिनिटं तापवायचा. शेवटच्या पाच-सात मिनिटांत दोन कानांचा बिडाचा तवा गॅसवर ठेवायचा (लाकडी मूठ असलेला नको, पुढे तो ओटीजीत जाणार आहे). पाण्याचा थेंब नाचायला लागला की चमचाभर तेल पसरून पिझ्झा थेट फ्रीजरमधून तव्यावर. आच मध्यम. झाकण अजिबात नाही, नाहीतर उडालेली वाफ परत बेसमध्येच.

आता कान द्यायचे. आधी जोरात चर्र आवाज येतो, कडेने वाफ निघते. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो आणि मधूनच तडतड ऐकू येते. इथे उलथन्याने कड उचलून बघा. तळाला तपकिरी ठिपके पडले असतील तर तवा उचलून ओटीजीच्या वरच्या खणात, फक्त वरचा रॉड चालू ठेवून. चीज फुगून बुडबुडे आले की बाहेर. तवा प्रचंड तापलेला असतो, जाड कापड दोन्ही हातांना घ्या.

जाड बेसला ही पद्धत चालत नाही. तळ करपतो आणि मधे गारठा तसाच. त्याला उलटा क्रम लावतोय: आधी २०० वर ओव्हनमध्ये आतपर्यंत गरम, मग शेवटी तेलाच्या तव्यावर तळ कुरकुरीत. निकाल बरा आहे, पण अजून छातीठोक सांगण्यासारखा नाही.

वरच्या सजावटीचं थोडक्यात. कांदा, सिमला मिरची आणि विशेषतः मशरूम आधी कोरड्या तव्यावर परतून पाणी घालवा. जादा चीज हवं तर लादी आणून किसा; तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते नीट एकजीव वितळत नाही. पाकिटात बर्फाचा चुरा दिसला तर माल बहुधा वाटेत वितळून पुन्हा गोठलाय. तो चुरा झटकून टाका, आणि पुढच्या वेळी दुकान बदला.

आपल्याकडचे सॉस मला गोडच लागतात. त्यावर उतारा म्हणजे पिझ्झा बाहेर आल्यावर लसणाची फोडणी: शेंगदाण्याच्या तेलात ठेचलेला लसूण मंद आचेवर, गॅस बंद केल्यावर चिली फ्लेक्स. ही उघड्या कडेवर ब्रशने लावायची, म्हणजे कड ताटात उरत नाही. हिरव्या मिरचीचा ठेचाही ठिपक्याठिपक्याने छान लागतो, पण आमच्याकडे त्यावर एकमत नाही.

कापण्याआधी दोन मिनिटं जाळीवर. गरम पोळी थेट डब्यात घातली की खालून ओली होते, तसंच पिझ्झा ताटात ठेवला तर होतं.

ज्यांच्या ओटीजीत वरचा रॉड वेगळा चालू करता येत नाही त्यांनी तव्यावर मिनिटभर कमी ठेवून बघा आणि तळ कसा येतो ते कळवा. माझ्याकडे तसा ओटीजी नाही.