क्विझच्या संघाची वही

विद्यापीठाच्या क्विझ संघाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण ढालींच्या कपाटापाशीच येते. ढालीवर वर्ष आणि क्रमांक असतो. कोण तिघं खेळले, कोणत्या प्रश्नावर हुकलं, हे कुठंच नसतं. त्यात दोन-तीन वर्षांत अख्खा संघ बदलतो.

मराठवाड्यात नावांचा गुंता वेगळाच. 23 ऑगस्ट 1958 ला स्थापन झालेलं मराठवाडा विद्यापीठ तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांचं. 14 जानेवारी 1994 ला त्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे नांदेड-लातूरच्या कॉलेजातून 1990 साली विद्यापीठाच्या संघात गेलेला मुलगा औरंगाबादच्या विद्यापीठाकडून खेळला असणार, पाच-सहा वर्षांनी त्याच कॉलेजातली मुलं नांदेडकडून. यादी करताना त्या वेळच्या प्रमाणपत्रावरचं नावच घ्यावं. आजचं नाव मागं ढकललं की एकाची ढाल दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

म्हणून वही. स्पर्धा संपली की त्याच संध्याकाळी लिहायची, दुसऱ्या दिवशी निम्मे प्रश्न डोक्यातून गेलेले असतात. रकाने चारच: प्रश्न, आपण काय म्हणालो, बरोबर उत्तर, का चुकलं. खरा माल चौथ्या रकान्यात असतो. ‘माहीत नव्हतं’ आणि ‘माहीत होतं, पण शेजारच्यानं बोलू दिलं नाही’ या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिलीवर वाचन हा उपाय, दुसरीवर नाही. शिवाय लेखी फेरीत किती गुणांवर संघ आत गेला, तो आकडाही टिपून ठेवावा. पुढच्या वर्षी सरावाला तोच कामी येतो.

निवड मात्र सगळीकडं चुकते. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात संघ तिघांचा, आधी लेखी चाळणी, मग तोंडी अंतिम फेरी. कॉलेजं सरळ पहिले तीन नंबर उचलतात. समजा 60 प्रश्नांच्या चाचणीत अ ला 38, ब ला 36 आणि क ला 27 मिळाले. अ ला न आलेल्या 22 पैकी ब ला 4 आले, क ला 13. अ आणि ब मिळून 42 होतात, अ आणि क मिळून 51. पहिला निवडला की पुढं गुण बघायचेच नाहीत, उरलेली भोकं कोण बुजवतो ते बघायचं. तिसराही तसाच.

आपल्याकडं संघात स्पर्धा परीक्षेची पोरं भरपूर. तारखा, कलमं तोंडपाठ, पण सवय चार पर्यायांची. ‘हिंगोली जिल्हा कधी झाला?’ म्हटलं की 1 मे 1999 झटक्यात येतं. क्विझमध्ये मात्र प्रश्न उलट्या बाजूनं येतो: ‘सिंदगीत जन्मलेल्या व्यंकटेश खेडगीकरांचं नाव मराठवाड्यातल्या कोणत्या संस्थेला आहे?’ रामानंद तीर्थांचं मूळ नाव माहीत असूनही हात वर जात नाही, कारण धागा दुसऱ्या टोकाकडून धरायचाय. सरावाला रोज दहा नोंदी अशा उलट्या करून एकमेकांना विचाराव्यात. प्रश्न काढताना वादाची उत्तरं टाळावीत: ज्योतिर्लिंग परळीचं की देवघरचं, औंढ्याचं की द्वारकेचं, यावर हॉलमध्ये भांडण ठरलेलं.

खुल्या क्विझमध्ये पाउन्स असतो, म्हणजे पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर देणं. बरोबरला 10, चुकीला उणे 5 असेल तर एक तृतीयांशाहून जास्त खात्री असली की हिशेब नफ्यात. उणे 10 असेल तर निम्म्याहून जास्त लागते. पण प्रश्न पास होत फिरत असेल आणि लगेच पुढची पाळी आपलीच असेल, तर साधारण थांबलेलं बरं: पलीकडचा संघ चुकला की तोच प्रश्न बहुतेक ठिकाणी उणे गुणांच्या धोक्याशिवाय हातात पडतो. शेजारी संघ तगडा असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

आणि चाळणीआधी आयोजकांना एक गोष्ट विचारून घ्यावी: उत्तर देवनागरीत चालेल का? परदेशी नावं मराठीत बरोबर लिहिणारी मुलं रोमन स्पेलिंगपायी गुण घालवतात. या ओळीला वहीत पहिलं पान द्यावं.