किती वेळा सांगायचं?

गेल्या मंगळवारी मॅनेजरबाईंनी खोलीत बोलावलं तेव्हा मला वाटलं, पगारवाढ. निघाली तक्रार. माझ्याविरुद्ध.

टीममधल्या चोवीस वर्षांच्या एका मुलाला मी सलग तीन सोमवारी, सहा जणांसमोर, ‘किती वेळा सांगायचं?’ असं विचारलं होतं. इंग्रजीतून, अर्थात. शिवाय एकदा रात्री पावणेनऊला मेसेज टाकला होता. पोरगा मला उलटून एक शब्द बोलला नाही. थेट आमच्या मजल्यावरच्या सुरक्षा प्रतिनिधीकडे गेला. इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हे प्रतिनिधी कर्मचारीच आपल्यातून निवडतात. मोडकी खुर्चीही त्यांच्याकडे आणि साहेबाची जीभही. मला फक्त खुर्चीचं माहीत होतं.

अहो, सिंहगड रोडच्या आमच्या घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. पलंगावर ओला टॉवेल दिसला की आई म्हणणारच. तो प्रश्नसुद्धा नसतो! हे मी बाईंना समजावायला गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्याला हे माहीत होतं का?”

आता खरा छळ म्हणजे काय, ते सांगतो. हिंजवडीला फेज टूमध्ये आमचे एक सर होते. आमच्याकडची स्टँडअप मीटिंग नावाप्रमाणे उभ्याने व्हायची, पण ज्याचं काम राहिलंय तो मीटिंग संपल्यावरही उभाच. शाळेत बाकावर उभं करायचे ना, तसंच, फक्त गळ्यात आयकार्ड. दोन पोरांचा बाप असलेला आमचा एक सीनियर असा पाऊण तास खिडकीपाशी उभा राहिलेला मी पाहिलाय. आम्ही सगळे मान खाली घालून टाइप करत होतो. मी तर रिकाम्या फाइलमध्ये टाइप करत होतो.

आणि संध्याकाळचा रिव्ह्यू! कंपनीची बस साडेसहाला सुटायची, म्हणून रिव्ह्यू बरोब्बर सहाला. सर घड्याळाकडे बघायचे, आमच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “कुणाला घाई आहे का?” बस गेली की वाकड पुलापर्यंत शेअर रिक्षा, तिथून पुढे मिळेल ते. घरी पोचायला साडेनऊ. नोकरी सोडावी, तर नोटीस नव्वद दिवसांची आणि रिलीव्हिंग लेटर अडकवायची धमकी. एचआरकडे जायचा विचार एकदा आला होता, पण एचआरवाले जेवायला सरांच्याच टेबलावर बसायचे.

आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे, समित्या आहेत. साहेबाने नुसताच पाणउतारा केला, तर त्यासाठी वेगळा कायदा नाही. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, तेव्हा आमच्या बसमध्ये हशा पिकला होता. सर्वांत मोठ्यांदा मीच हसलो होतो.

तो हक्क ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे. पण नीट वाचा हं. साहेबाला मेसेज पाठवायची बंदी नाही. समोरच्याचा नकार अवाजवी नसेल, तर त्याला तो न वाचायची मुभा आहे. म्हणजे पावणेनऊच्या मेसेजने मी काही कायदा मोडलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या इथल्या कायद्यातल्या व्याख्येतही ‘पुन्हापुन्हा’ हा शब्द आहे आणि कामातली चूक वाजवी पद्धतीने दाखवणं म्हणजे छळ नव्हे, असंही स्पष्ट लिहिलंय. ते कलम मी त्या रात्री चार वेळा वाचलं. ‘वाजवी पद्धतीने’पाशी दर वेळी अडकलो.

थट्टा नाही करत. मेलबर्नमध्ये कॅफेत काम करणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलीने सहकाऱ्यांच्या छळापायी २००६ मध्ये जीव दिला. तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘ब्रोडीज लॉ’ २०११ मध्ये आला. गंभीर छळाला दहा वर्षांपर्यंत कैद. फेअर वर्क कमिशन या नोकरीतले वाद ऐकणाऱ्या आयोगाकडेही २०१४ पासून दाद मागता येते. तिथे भरपाई मिळत नाही, फक्त ‘हे थांबवा’ असा आदेश मिळतो. आधी मला हे हास्यास्पद वाटलं. मग खिडकीपाशी उभा असलेला तो सीनियर आठवला. त्याला तरी दुसरं काय हवं होतं?

तरीही एक सांगतो, राग येईल काहींना. मला जे काम येतं ते त्या सरांमुळेच येतं. प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू सॉफ्टवेअरला, हात लावण्याआधी तीनदा तपासायची सवय त्यांचीच. इथली पोरं चूक झाली की खांदे उडवतात आणि पाचला सायकल काढतात. त्या पोराच्या कोडची टेस्ट खरंच तीन वेळा फेल झाली होती, हे कुणी लिहून घेतलं नाही.

मला दोन तासांचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. शिवाय त्या मुलाबरोबर कॉफी. त्याने मला पैसे भरू दिले नाहीत. मग म्हणाला, “मला तुझ्याकडून शिकायचंय, पण सोमवार आला की पोटात दुखतं.” तेवढंच. मी साखर ढवळत बसलो; साखर घातलेली नव्हती.

इथल्या रात्री साडेदहाला हिंजवडीतल्या जुन्या मित्राला फोन लावला. सगळं ऐकून तो हसत सुटला. “कॉफी? शिक्षा म्हणून कॉफी? अरे, आमच्याकडे पाठव ना त्या बाईंना!” मीही हसलो. मग विचारलं, “सर कसे आहेत?”

“आता व्हीपी झालेत,” तो म्हणाला. “चल, ठेवतो. सहा वाजले.”