चालत्या सर्व्हरवर एकच फ्लॅग

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर: जेंटू (पॅकेजेस सोर्स कोडपासून कंपाइल करून वापरायचं लिनक्स), चार कोअर, चार जीबी रॅम, त्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपीची ॲप्स चालवणारी सर्व्हिस) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. मालाचे गेटपास यातूनच निघतात. मागणी एवढीच, की गेटपासच्या ॲपला ऑफिसच्या डोमेनचाच पासवर्ड चालावा. म्हणजे पीएचपीला एलडॅप (डोमेनच्या युजर-यादीशी बोलायचा प्रोटोकॉल) हवं, आणि बिल्ड करताना ते बंद ठेवलेलं.

तिथल्या ॲडमिनने मेक डॉट कॉन्फमधल्या, म्हणजे सगळ्या पॅकेजेसना लागू होणाऱ्या सेटिंग्जमधल्या, यूजच्या ओळीत एलडॅपचा फ्लॅग टाकून ठेवला होता (पॅकेजात काय बांधायचं ते यूज फ्लॅग ठरवतात). मी म्हटलं, "थांब रे, आधी प्रिटेंड मारून बघ." प्रत्यक्ष काही न बांधता, न्यूयूज (फ्लॅग बदललेली पॅकेजेस शोधणारा पर्याय) लावून वर्ल्डची, म्हणजे बसवलेली पॅकेजेस आणि त्यांना लागणारी बाकीची, यादी काढली. बदललेल्या फ्लॅगला यादीत चांदणी लागते. पीएचपी, कर्ल, जीएनयूपीजी, पोस्टग्रेस आणि सुडो, पाचही ठिकाणी एलडॅपला चांदणी! गरज एकाला, आणि रिबिल्ड पाचांचं. पोस्टग्रेस रीस्टार्ट मागणार ते वेगळंच, पण मला खटकला तो सुडो. ॲडमिनला रूटचे अधिकार देणारं पॅकेज विनाकारण उकरायचं नाही. मेक डॉट कॉन्फमधली ओळ काढली, पॅकेज डॉट यूजमध्ये, जिथे एकेका पॅकेजला फ्लॅग देता येतो, फक्त पीएचपीपुढे एलडॅप लिहिलं.

"सर, करतोच आहोत तर ओ-थ्री आणि मार्च=नेटिव्हपण टाकू का?"

नाही. हे सीफ्लॅग्ज, म्हणजे कोड वेगवान आणि याच सीपीयूसाठी बनवायला कंपाइलरला दिलेले पर्याय. ते बदलले तरी न्यूयूजला दिसत नाहीत. अख्खं वर्ल्ड एम्प्टी-ट्रीने (सगळं पुन्हा बांधणारा पर्याय) बांधेपर्यंत निम्मं जुनं, निम्मं नवं. शिवाय हे व्हर्च्युअल मशीन आहे. उद्या जुन्या सीपीयूच्या होस्टवर हलवलं, की 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्रॅम पडायला लागतात. आणि ॲप हळू चालतं ते डिस्कमुळे. आयओस्टॅटमध्ये अवेट, म्हणजे डिस्कच्या उत्तरासाठी लागणारा वेळ, बघितला तरी कळतं.

बिल्डच्या आधी सिंक करायचं नाही, म्हणजे जेंटूचं पॅकेजेसचं झाड ताजं करायचं नाही. सिंकनंतर आपल्या व्हर्जनचा ईबिल्ड (पॅकेज बांधायची कृती लिहिलेली फाइल) झाडातून गेलेला असला, तर फ्लॅगसोबत अपग्रेडही गळ्यात पडतं. काही बिघडलं तर परत बसवता यावं म्हणून क्विकपीकेजीने चालू पीएचपीचं बायनरी पॅकेज काढून ठेवलं. ते कॉन्फिग फाइल्स आपणहून घेत नाही, त्यासाठी इन्क्लूड-कॉन्फिग द्यावं लागतं. मेकऑप्ट्स जे-२, म्हणजे एका वेळी दोनच कंपाइल जॉब, कारण एका जॉबला दोन जीबी धरायची, नाहीतर मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा ओओएम किलर नेमका पोस्टग्रेसलाच उचलतो. गुरुवार टाळला. महावितरणची दुरुस्ती बहुधा त्याच दिवशी निघते, आणि कंपाइल अर्ध्यात असताना यूपीएसच्या भरवशावर कोण बसणार?

बिल्ड वनशॉटने (वर्ल्डच्या यादीत नवी नोंद न करता), तेच व्हर्जन. चालू एफपीएम मेमरीतल्या जुन्या बायनरीवरच राहतो, म्हणून रीस्टार्ट जेवणाच्या सुट्टीत. त्याआधी एफपीएमला टी देऊन कॉन्फिग तपासलं, एम देऊन मॉड्यूल्सच्या यादीत एलडॅप बघितलं.

तरीही पहिलं लॉगिन अडलं: 'कान्ट कॉन्टॅक्ट एलडॅप सर्व्हर'. एन्क्रिप्टेड एलडॅपचा ६३६ पोर्ट उघडा होता. डोमेनचं सर्टिफिकेट ऑफिसच्या स्वतःच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकाऱ्याचं), आणि पीएचपी वापरत असलेली ओपनएलडॅप लायब्ररी ते ओळखत नव्हती. सर्टिफिकेट पटलं नाही तरी हाच मेसेज येतो. एलडॅप डॉट कॉन्फमध्ये टीएलएस सीएसर्टला त्या सीएच्या फाइलचा पाथ दिला, एफपीएम पुन्हा रीस्टार्ट केला आणि लॉगिन झालं.