सी१वरचा रुमाल

रात्री अकरा वाजता सर्व्हर खोलीच्या एसीत कुडकुडत आपण काय करतोय, हे घरी समजावून सांगणं अवघड असतं. ‘डिस्कांचा नंबर बदललाय,’ एवढंच मी फोनवर बायकोला सांगितलं. ‘मग आधीचा टाक ना परत,’ ती म्हणाली. काम खरोखर तेवढंच होतं.

सोलारिस या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर डिस्कचं नाव म्हणजे अख्खा पत्ता. सी१टी३डी०एस६. सी म्हणजे कंट्रोलर (डिस्का ज्याला जोडतात ते कार्ड), टी म्हणजे त्याच्या स्कझी केबलवरचं (स्कझी ही डिस्का जोडायची एक पद्धत) टार्गेट, डी म्हणजे डिस्क आणि एस म्हणजे तिचा स्लाइस, म्हणजे तुकडा. गल्ली, घर, मजला, खोली. टार्गेट नंबर डिस्क कुठल्या खणात खोचली त्यावर ठरतो (सात नंबर सहसा कंट्रोलर स्वतःकडेच ठेवतो, मालकाची खोली म्हणून). पण सीपुढचा आकडा येतो कुठून, याचा मी कित्येक वर्षं विचारच केला नव्हता. कार्डावर कोरलेला असेल, असं धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळी दुसरं स्कझी कार्ड गेलं. इंजिनिअरने नवं आणलं आणि जुन्या स्लॉटचा संशय म्हणून शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं. ओके प्रॉम्प्टवर (सिस्टिम सुरू व्हायच्या आधी मशीन आज्ञा घेतं तिथे) ‘बूट -आर’ दिलं, म्हणजे उठताना नवं हार्डवेअर शोध. मशीन उठलं आणि मध्येच मेंटेनन्ससाठी रूटचा, म्हणजे मुख्य अॅडमिनचा, पासवर्ड मागत अडून बसलं. ‘फॉरमॅट’ चालवून पाहिलं (नाव भीतीदायक, पण आधी ते नुसती डिस्कांची यादी दाखवतं), तर डिस्का सगळ्या हजर, फक्त सी१च्या सी२ झालेल्या. कुठली डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे जोडायची, ते लिहिलेली व्हीएफएसटॅब फाइल बिचारी अजून सी१लाच हाका मारत होती.

सोपा उपाय होता: त्या फाइलमधल्या १चे २ करायचे. प्रत्येक ओळीत दोनदा, एकदा डीएसके, एकदा आरडीएसके (एकाच डिस्ककडे जायच्या दोन वाटा). पण डेटाबेसपासून बॅकअपच्या स्क्रिप्टपर्यंत सी१ कुठे कुठे लिहून ठेवलंय, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेलेला.

मग ‘एलएस -एल’ करून, म्हणजे फाइलींची सविस्तर यादी काढून, स्लॅश डेव्हमधली डीएसकेची डिरेक्टरी बघत बसलो. तिथे डिस्क नसतेच, नुसत्या लिंका, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी नावं. डावीकडे सी२टी३डी०एस६, मग बाण आणि बाणापलीकडे लांबलचक खरा पत्ता: कुठली पीसीआय बस, कुठला स्लॉट, कुठलं स्कझी. स्लॉट बदलला तसा हा पत्ता बदलला. सोलारिसने पाहिलं, नवा दिसतोय, नंबर द्यायला हवा. सी१वर तर कुणाच्या तरी लिंका आहेत. घे बाबा २. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमालाचा मालक केव्हाच भंगारात गेला तरी जागा त्याचीच.

हार्डवेअरचे नंबर लक्षात ठेवणारी पाथ-टू-इन्स्ट ही फाइलही उघडून पाहिली. तिथे आकडे असतात, पण ते ड्रायव्हरच्या इन्स्टन्सचे. सीचा आकडा त्यात नाही. तो लिंकेच्या नावात आहे, बस, तेवढाच आहे. इतकी वर्षं ज्याला लोखंड समजत होतो ती खडूने लिहिलेली पाटी निघाली.

रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर अख्खी सिस्टिम होती ती, सी०वर होती. ‘आरएम’ ही पुसून टाकायची आज्ञा लिहिताना १च्या जागी ० पडला तर सकाळी राजीनामाच द्यावा लागला असता, म्हणून प्रत्येक ओळ तीनदा वाचून एंटर मारलं. सी१ आणि सी२, दोन्हींच्या लिंका उडवल्या. लिंका नव्याने बनवणारं ‘डेव्हएफएसएडीएम’ चालवलं. पुन्हा सी२!

एक वाजला होता. ऑफिसातल्या ज्येष्ठांना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, भीत भीत फोन लावला.

‘सीएफजी उडवलंस?’

‘कुठलं सीएफजी, काका?’

‘अरे, स्लॅश डेव्हमध्येच. तिथेपण सी१, सी२च्या लिंका बसल्यात लपून. काढ आणि झोपू दे मला.’

काढल्या. पुन्हा चालवलं. सी१. एफएससीके, म्हणजे डिस्कांवरच्या फाइलसिस्टिमची तपासणी, शांतपणे पार पडलं, सगळं माउंट झालं.

आता लिनक्सवर आम्ही नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमवरच नोंदलेला तिचा एकमेव ओळखक्रमांक, लिहितो. छत्तीस अक्षरं, कार्ड कुठेही खोचा, ती हलत नाहीत. फक्त रात्री एक वाजता काकांना फोनवर वाचून दाखवता येत नाहीत.

त्या मशीनच्या पुढच्या झाकणावर, पहिल्या तासाच्या घाईत, मी चिकटपट्टी लावून मार्करने ‘सी२’ लिहिलं होतं. निघताना ते खोडून वर ‘सी१’ केलं. मशीन विकलं गेलं तेव्हा पट्टी तशीच होती.