कानाला पापणी नसते

डोळे हा तसा सोयीचा अवयव. नको ते दिसायला लागलं की मिटून घ्यायचे, विषय संपला. कानाला ही सोय नाही, नाकाला नाही (श्वास रोखून रोखून किती वेळ रोखणार), कातडीला तर नाहीच नाही. मग दिवसभर यांच्यावर जे काही येऊन आदळतं, पंख्याची घरघर, कॉलर, पट्टा, चष्म्याच्या काडीचा कानामागचा दाब, त्या सगळ्यानं आपण वेडे कसे होत नाही? शाळेत पंचेंद्रियं शिकवतात तेव्हा कुठलं इंद्रिय काय सांगतं एवढंच शिकवतात. ती काय काय सांगत नाहीत हा खरं तर जास्त मजेशीर चॅप्टर आहे, तो मात्र राहूनच जातो.

कातडीचंच बघा. घड्याळ मनगटावर चढवलं की दोन क्षण कळतं, मग ते आहे की नाही हेच विसरायला होतं. कातडीत स्पर्श टिपणारी मज्जातंतूंची निरनिराळी टोकं असतात आणि त्यातली काही स्वभावानंच बदलापुरतं बोलणारी, म्हणजे स्पर्श झाला की एकदा आणि गेला की एकदा, मधल्या वेळात गप्प. पॅसिनियन नावाचं एक टोक आहे, कांद्यासारखे पापुद्रे गुंडाळलेलं. थरथर आली की ती आतपर्यंत पोचते पण एकसारखा दाब राहिला तर पापुद्रेच तो जिरवून टाकतात. लॅबमध्ये हे पापुद्रे सोलून बघितले तर आतलं टोक त्याच दाबाला बराच जास्त वेळ प्रतिसाद देत बसलं! म्हणजे विसरण्याची सोय मेंदूपर्यंत जायच्या आधीच, पार बोटाच्या टोकाशी करून ठेवलीय. हे वाचलं तेव्हा मला कातडीबद्दल एकदम आदरच वाटायला लागला. आणि दाब पडल्यावर पेशीत उघडणारं प्रोटीनचं दार नेमकं कुठलं, हे आर्डेम पातापुटियन यांच्या टीमला २०१० मध्ये सापडलं, त्याबद्दल त्यांना २०२१ चं नोबेल (डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून) मिळालं. इतकी रोजची गोष्ट आणि इतक्या उशिरा कळली.

नाकाचं काम तर याहून बेधडक. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, कुत्र्याच्या मानानं कमी पण अगदीच वाईट नाही. पण हे सगळे लवकर कंटाळतात. दुसऱ्याच्या घरात शिरताना वास येतो आणि स्वतःच्या घराला वासच नाही असं प्रत्येकाला वाटतं, ते यामुळे. यात धोकाही आहे. घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात, पण गळती हळूहळू होत असेल तर आत बसलेल्याला पत्ता लागत नाही आणि बाहेरून आलेला माणूस दारातच नाक मुरडतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तर प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा माणूस तिथेच फसतो.

कानाची गोष्ट वेगळी, कारण इथे गाळण्याचं काम फार उशिरा, पार आत होतं. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी लोकांना हेडफोन लावून दोन कानात दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणून दाखवायला सांगितलं. लोकांनी ते नीट केलं, पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं विचारल्यावर ठणठणाट! तिकडचं इंग्लिश मध्येच बदलून जर्मन केलं तरी पत्ता नाही, पण पुरुषाच्या आवाजाच्या जागी बाईचा आवाज आला तर ते मात्र लक्षात आलेलं. मग १९५९ मध्ये नेव्हिल मोरे (Moray) यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तर साधारण तिघांपैकी एकाला ते ऐकू आलं. आता यातली गंमत अशी की आपलं नाव तेवढं आत सोडायचं तर बाकीचंही कोणीतरी ऐकत बसायलाच हवं ना? म्हणजे आपण ज्याला ‘लक्ष नव्हतं’ म्हणतो तेव्हाही आत कोणीतरी ड्युटीवर असतं, सगळं ऐकतं, बरंचसं फेकून देतं आणि आपल्याला सांगतही नाही. झोपेतसुद्धा. झोपलेल्या माणसाचा मेंदू स्वतःच्या नावाला इतर नावांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो. ‘अरे मला ऐकूच आलं नाही’ ही सबब यानंतर थोडी लंगडी पडते, पण ती सोडायचा माझा तरी काही विचार नाही.

आपण स्वतःच जे करतो तेही मेंदू असंच वजा करून टाकतो, म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. हात कुठे आणि कधी लागणार हे त्याला आधीच माहीत असतं. एका प्रयोगात माणसानं स्वतःच यंत्राची दांडी हलवून स्वतःच्या तळहाताला स्पर्श केला, पण मध्ये सेकंदाच्या छोट्या हिश्शाचा उशीर घातला. उशीर वाढवत गेले तशी गुदगुलीही वाढत गेली. हिशोब चुकला की स्वतःचाच हात परका! मला हे थोडं भीतीदायक वाटतं खरं सांगायचं तर.

लिफ्टचं त्या बदलापुरतं बोलणाऱ्या कातडीसारखंच, सुटताना आणि थांबताना पोटात कळतं, मधल्या सरळ वेगात काहीच नाही.

या सगळ्यात एकच हट्टी निघतं, दुखणं. दाताच्या कळेची सवय होत नाही, रात्र वाढेल तशी ती वाढल्यासारखीच वाटते, आणि दुखावलेल्या जागेची टोकं तर उलट जास्त हळवी होतात. बरोबरच आहे म्हणा, तिथे विसरून परवडणारं नसतं.

आणि हल्ली या ड्युटीवाल्याला नवंच काम लागलंय. खिशातला फोन थरथरला असं पक्कं वाटतं, काढून बघावं तर काही नाही, कधीकधी तर फोन टेबलावरच असतो. कापड सरकलं असेल, स्नायू फडफडला असेल, एरवी हे सगळं कचऱ्यात गेलं असतं. पण दिवसभर आपण त्या थरथरीची वाट बघत असतो ना, मग तोही बिचारा जरा शंका आली की आत सोडतो. नसलेल्या मेसेजसाठी मी लगेच खिशात हात घालतो.