बायपासनंतर गोळ्या कधी बंद होतात?

"वहिनी, भाऊजी आता हिंडतात-फिरतात, मग अजून इतक्या गोळ्या कशाला?" यांची बायपास झाल्यापासून मला हे सारखं विचारतात. विचारणाऱ्याच्याही घरी बरेचदा कुणी नुकतंच दवाखान्यातून आलेलं असतं, म्हणून नीट सांगते.

बायपासने हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज निघत नाही. पायाची शीर आणि छातीतली धमनी जोडून रक्ताला वळणरस्ता करून देतात, मूळ आजार तसाच राहतो. पायातून घेतलेल्या शिरेत गुठळी होण्याची भीती असते. म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन या दोन बहुतेकांना जन्मभर. गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, किती दिवस, ते डॉक्टर ठरवतात. दुखण्याची गोळी मात्र लवकर सुटते. नाडी आणि बीपी उतरवणारी मेटोप्रोलॉल मनाने एकदम तोडली तर छातीत पुन्हा दुखू शकतं.

खरा घोळ पहिल्या आठवड्यात होतो. घरात बीपीच्या जुन्या गोळ्या पडलेल्या असतातच. डब्यातली जुनी पट्टी आणि दवाखान्यातून मिळालेली नवी मी शेजारी ठेवून पाहिली. वर नावं वेगवेगळी, खाली बारीक अक्षरांत दोन्हीवर मेटोप्रोलॉल! दोन्ही पोटात गेल्या असत्या तर नाडी किती उतरली असती, विचारानेच धस्स होतं. तेव्हा जुना डबा सरळ डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.

त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, पारा 45 ला टेकलेला. बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी आणि वरून घाम, यांनी उठताना चक्कर येते. अशा वेळी कुणी गोळी बंद करतं, कुणी तांब्यावर तांबे पाणी पाजतं. दोन्ही नको. बसून आणि उभं राहून बीपी मोजा, लिहा, डॉक्टरांना फोन करा. डोस बदलायचा तर तेच बदलतील. पाण्याचंही त्यांनाच विचारा, काहींना ते मोजूनच द्यायचं असतं.

आणि कूलर! संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायची सवय असलेला माणूस बादलीला हात घालतोच. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं, जुळायला 6 ते 12 आठवडे लागतात. बादली उचलू देऊ नका, स्कूटरही नको.

अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणू नका, ती ॲस्पिरिनच्या कामात आडवी येते. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. छाती दाटून घाम फुटला किंवा दम लागला, तर शेजाऱ्यांच्या गाडीची वाट न पाहता 108 लावा.